उजनीकाठी वाजलेलं इंजिन

सोलापूर

सोलापूरला डीजे वाजवायला चालले आहे, असं मी आमच्या इमारतीत सांगितलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कुणाची वरात?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पुण्यात जे करते त्याला डीजे म्हणतात हे त्यांना ठाऊक नाही आणि मी कधी नीट सांगितलंही नाही. गाणी वाजवायची दोन यंत्रं, मधे एक मिक्सर, आणि एक गाणं चालू असताना दुसरं त्यात असं मिसळायचं की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये, एवढंच ते काम आहे. पोटापाण्यासाठी मी जाहिरातींच्या ध्वनीचं संकलन करते. वाजवणं महिन्यातून एखाद्या शनिवारी.

सोलापुरात मात्र डीजे म्हणजे माणूस नव्हे. ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डीजे. संदेशकडे अशी एक भिंत होती. गाणी मिसळायला शिकवणाऱ्या माझ्या ऑनलाइन वर्गात तो आला होता आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच असायचे. मिरवणुकांतल्या डीजेवर बंधनं आल्यापासून त्याची भिंत गोदामात पडून होती. लग्नाची कामं येत, पण हंगामापुरती. मग उजनीच्या पाण्याकाठी एका शेतीपर्यटनाच्या जागेकडून विचारणा आली. तिथे थंडीत रोहित पक्षी बघायला लोक येतात. मालकांना संध्याकाळी शांत, परदेशी वळणाचं काहीतरी हवं होतं. पसंत पडलं तर हंगामभर दर शनिवारी काम मिळणार होतं.

"पहिल्यांदा तुम्ही वाजवा, मॅडम," संदेश फोनवर म्हणाला. "मी बाजूला थांबून बघतो. पुढच्या शनिवारपासून माझं मी करतो की."

मी हो म्हटलं त्याला माझंही कारण होतं. माझ्याकडे मी स्वतः केलेला एक तुकडा आहे, नाव 'तळ'. आमच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटारीची खोली आहे. तिथला आवाज ध्वनिमुद्रित करून, खूप सावकाश करून तो बांधला आहे. मिनिटाला नव्वदच्या आसपास ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात चार बारीक ठोके, आणि वरून काळोखासारखा एक सूर. गाणं नाही, शब्द नाहीत. पुण्यात तो मी दोनदा वाजवला. दोन्ही वेळा समोरची जागा रिकामी झाली. त्या लोकांना दोष देत नाही. नाचता नाचता मधेच कुणी विहिरीत डोकावायला लावलं तर मीही बाजूला होईन. पण तुकडा वाईट नाही, तो मला नीट आत आणता आलेला नाही, असं मला वाटत होतं.

स्टेशनवर संदेश आणि त्याची बायको प्रज्ञा आले होते. प्रज्ञा एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दोन दिवसांची रजा काढून तीही बरोबर येणार होती. घरी पोचल्यावर संदेशच्या आईंनी "जय भीम, या," म्हणून आत घेतलं आणि पाच मिनिटांत ताट मांडलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, कांदा. आमच्याकडे चटणी ताटाच्या डाव्या बाजूला नखाएवढी असते. इथे ती मधोमध होती आणि भाकरी तिच्यासाठी होती. मी भाकरी पापडासारखी मोडायला लागले तेव्हा आई म्हणाल्या, "दह्यात बुडवा, मग खावा. नुसती खाल्ली तर दात हिंतच ठेवून जाल."

गोदाम जवळच होतं. शेजारी टॉवेलचा कारखाना, मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. संदेशने जाड आवाजाचे दोन बेस आणि बारीक आवाजाचे दोन टॉप जोडून ठेवले होते. आधी त्याने स्वतःचं लग्नातलं काहीतरी वाजवलं. पत्रे थरथरले. कारखान्याच्या दारातून एक माणूस डोकावला, संदेशशी तेलुगूत दोन वाक्यं बोलला, हसला आणि परत गेला.

"काय म्हणाला?"

"लई दिवसांनी छातीत काहीतरी हललं, म्हणाला."

मग मी 'तळ' लावला. संदेश हाताची घडी घालून उभा राहिला. पुष्कळ वेळ गेला. त्याने माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, आणि अदबीने विचारलं, "मॅडम, हे सुरू कधी होणार?"

"सुरू आहे."

"व्हय का," तो म्हणाला, आणि आणखी लक्ष देऊन ऐकायला लागला.

जेऊरच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान भरून निघालो. पुढे आम्ही तिघं, मागे स्पीकर, त्यांच्यावर ताडपत्री. दिवस उसाच्या हंगामाचे होते. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चालले होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरचं आपलं गाणं होतं. एकाला ओलांडताना त्याचं गाणं आमच्यात शिरायचं, वाढायचं, आणि मागे पडता पडता पुढच्या ट्रॅक्टरचं सुरू व्हायचं. संदेशला हे दाखवलं तर तो म्हणाला, "हे आमाला ठाऊक हाय. फक्त ह्याला मिक्सिंग म्हणत्यात हे ठाऊक नव्हतं."

वाटेत मी त्याला माझी अडचण सांगितली. 'तळ'च्या आधी जे वाजणार ते एकशे वीस ठोक्यांचं. त्यातून नव्वदवर उतरायचं कसं? ओढून सावकाश केलं तर कॅसेट अडकल्यासारखं वाटतं. एक बंद करून दुसरं लावलं तर लोक उठतात. पण एकशे वीसचे चार ठोके आणि नव्वदचे तीन ठोके एकाच वेळात संपतात. म्हणजे दोन्ही काही काळ एकमेकांवर चालू ठेवता येतात. चारांवर तीन. मग हळूच चार काढून घ्यायचे. ऐकणाऱ्याला कळतही नाही की तो आता सावकाश चालतो आहे.

संदेशने स्टिअरिंगवर एका हाताने चार आणि दुसऱ्या हाताने तीन वाजवून बघितले. प्रज्ञा म्हणाली, "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायला असतात."

जेऊरला स्टेशनजवळ चहा घेतला. तिथून रस्ता लहान झाला. केळीच्या बागा, ऊस, पुन्हा केळी, आणि मग एका वळणावर अचानक पाणी. मी धरण पाहिलेलं आहे, पण धरणाचं मागचं पाणी पाहिलं नव्हतं. त्याला काठ असा नसतो. रस्ता सरळ पाण्यात जातो आणि तिथेच संपतो, कारण पूर्वी तो पुढच्या गावाला जात होता. उतारावर ओळीने मोटारी बसवलेल्या, त्यांचे पाइप पाण्यात सोडलेले. लांब उथळ भागात गुलाबी रेघ दिसत होती, ते रोहित.

पाण्याकाठी

मालक पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बोलायला गोड. त्यांनी जागा दाखवली. झाडाखाली सतरंज्या अंथरलेल्या, पाण्याकडे तोंड. बुकिंग केलेले वीसेक लोक, निम्मे पुण्याचे, निम्मे सोलापूर-बार्शीकडचे. समोर पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती. पूर्वीच्या ओढ्यात पाणी शिरून झालेली. पलीकडे केळीची बाग, दोन-तीन घरं, एक पत्र्याची शेड. पलीकडची बाई दोरीवर कपडे वाळत घालताना दिसत होती, इतकं ते जवळ. रस्त्याने जायचं तर मात्र मोठा वळसा पडतो, असं मालक म्हणाले.

ऊन कलल्यावर मी सुरू केलं. आवाज बेताचा ठेवला होता. पाखरांसाठी आलेल्या लोकांना पाखरंच ऐकू यावीत, त्यांच्या खाली काहीतरी असावं, असा. कुणी नाचलं नाही, तशी अपेक्षाही नव्हती. दोन लहान मुली थोडा वेळ गोल फिरल्या. सूर्य पाण्याला लागला तेव्हा मी एकशे वीसवर होते. अंधारायला लागल्यावर 'तळ' दुसऱ्या यंत्रावर घेतला, हेडफोनवर ऐकून जुळवला, आणि तीन ठोके चारांच्या खाली सरकवले.

ठोके एकमेकांत बसले. एरवी मला असं काही जाणवत नाही, वाजवताना मी बहुतेक बटणांकडेच बघत असते. पण त्या दिवशी वर बघितलं. एक बाई सतरंजीवर आडवी झाली होती. एका माणसाने बोलणं अर्धवट सोडून पाण्याकडे बघायला सुरुवात केली होती. मी चार ठोके थोडे थोडे काढून घेत गेले. शेवटी फक्त 'तळ' उरला आणि कुणीही उठलं नाही. संदेश माझ्या बाजूला होता. तो पुटपुटला, "आता कळलं कधी सुरू होतं ते."

तेवढ्यात पाण्यावर टॉर्च दिसली. एक होडी काठाला लागली आणि पंचविशीचा एक मुलगा गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटनिशी सरळ आमच्या टेबलाशी आला.

"गाणं तुमी लावलंय का?"

संदेश म्हणाला, "व्हय. काय झालं?"

"मी बाळू, समोरच्या घरातला. आमच्या आप्पांचं काय खरं न्हाय. आठ दिस झालं अंथरुणात हायत. पाहुणं गोळा झाल्यात. आत्या म्हनली, माणूस जायला लागलंय आन् समोर बेंड वाजतोय, बरं दिसत न्हाय. तेवढं बंद करा की."

तो भांडायला आला नव्हता. विनंती करून तो नुसता उभा राहिला.

मालक येऊन पोचले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बाळू, आवाज कमी करतो ना. पाहुणे पैसे भरून आलेत, मी त्यांना काय सांगू?"

मीही म्हणाले की आवाज अगदी खाली आणते, तुकडा संपत आला आहे. संपत आला नव्हता. निम्माही झाला नव्हता.

संदेशने माझ्याकडे न बघता मिक्सरवर हात ठेवला आणि मुख्य आवाज सावकाश शून्यावर आणला. मग मालकांना म्हणाला, "आमच्या मिरवणुकीत एवढी गर्दी असती. पण ज्या घरात दुखवटा आसंल त्या दारासमोर आमी आवाज बंद करून गाडी ढकलत नेतो. दहा हजार माणूस मुकाट चालतंय. हितं तर वीसच हायत."

"मग पुढच्या शनिवारचं काय ते मी कळवतो," मालक म्हणाले. स्वर गोडच होता.

बाळू होडीकडे गेला. सतरंजीवरच्या लोकांना काय झालं ते प्रज्ञाने दोन वाक्यांत सांगितलं. कुणी कुरकुर केली नाही. थोड्या वेळाने जेवणं झाली. चिलापी मासा तळलेला होता, मी दोन खाल्ले. संदेश सामान झाकत होता. त्याला वाईट वाटलं असेल. त्याने दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळ

उठले तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि बाळू पायरीवर बसलेला होता. संदेश त्याला चहा देत होता. मला वाटलं, आप्पा गेल्याचा निरोप घेऊन आला. तसं नव्हतं.

"ताई, ते कालचं परत लावता का?" तो म्हणाला.

मला कळलं नाही. त्याने चहा खाली ठेवला आणि सांगितलं. काल आमचा आवाज चालू होता तोवर आप्पा शांत पडून होते. बंद झाला आणि त्यांनी डोळे उघडले. 'इंजन का बंद पडलं?' म्हणून विचारलं. घरच्यांना कळेना. मग उमगलं. वीज नव्हती तेव्हा पाणी उपसायला डिझेलवरचं इंजिन असायचं, पाण्याकाठी रात्रभर ठोके देत चालायचं. आप्पांना तेच वाटलं होतं. इंजिन बंद म्हणजे पाटाला पाणी नाही, केळी अर्धी कोरडी. ते उठून बसायला बघत होते, चादर फेकत होते. आप्पा, मोटार आहे आता, पाणी झालंय, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. बाळूने शेडमधली मोटार चालू करून बघितली. मोटारीचा आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही.

"डोळ्याला डोळा न्हाय त्यांच्या," बाळू म्हणाला. "आत्याच म्हनली, जा, त्यान्ला म्हनावं तेवढं लावा. काल आमीच बंद करा म्हनलो. आज आमीच लावा म्हनतोय. काय म्हनावं."

संदेश उठून ताडपत्री काढायला लागला. मालकांना विचारलं. पाहुणे पहाटेच होड्यांतून पाखरं बघायला गेले होते. मालक पाण्याकडे बघत म्हणाले, "किती वेळ लावणार?"

"त्यांची केळी भिजेपर्यंत," संदेश म्हणाला.

 मालक आत गेले आणि जनरेटर चालू झाल्याचा आवाज आला.

प्रज्ञा बाळूबरोबर होडीतून पलीकडे गेली. आप्पांना बघता येईल आणि फोनवर सांगता येईल म्हणून. मी यंत्रं मांडली. ऊन यंत्रांच्या पडद्यावर येत होतं, काही दिसत नव्हतं. संदेशने टॉवेलचा आडोसा धरला. 'तळ' सात मिनिटांचा आहे. तो दोन्ही यंत्रांवर घेतला, म्हणजे एक संपायच्या आत दुसरा त्यात मिसळता येईल आणि सांधा ऐकू येणार नाही. वरचा काळोखासारखा सूर पूर्ण कापला. फक्त ठोके ठेवले आणि लिफ्टच्या मोटारीची घरघर. टॉप बंद, नुसते बेस. संदेशने बेसची तोंडं फिरवून समोरच्या घराकडे केली.

मी सुरू केलं. एवढ्या सकाळी, उन्हात, समोर एकही माणूस नसताना मी कधी वाजवलेलं नाही. केळीची पानं हलत होती. थोड्या वेळाने फोन वाजला.

"ऐकू येतंय," प्रज्ञा म्हणाली. "डोळे मिटलेत. पण जागे आहेत. हाताने पाट दाखवतायत."

सगळं ठीक चाललं होतं आणि मी एक गोष्ट विसरले. तुकड्याच्या मध्यावर ठोके थांबतात. ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा म्हणून मीच तिथे पोकळी ठेवली आहे. त्या पोकळीचा मला अभिमानही आहे. ती आली आणि पाण्यावर एकदम शांतता झाली. फोन लगेच वाजला.

"ताई, काय झालं? डोळे उघडले त्यांनी. इंजन आचकतंय म्हणतायत. डिझेल बघा म्हणतायत."

मी दुसरं यंत्र अंदाजाने आत घेतलं. ठोका थोडा पुढेमागे लागला, मी चकती बोटाने धरून जुळवला. संदेश फोनमध्ये म्हणाला, "डिझेल घातलंय म्हणून सांग."

पलीकडे प्रज्ञाने तसं सांगितलेलं मला ऐकू आलं. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज, "गाळून घातलं का?"

"गाळून घातलं, आप्पा," ती म्हणाली.

त्यानंतर मी प्रत्येक वेळी पोकळीच्या आधीच दुसऱ्यावर जात राहिले. फोन चालूच ठेवला होता. त्यातून पलीकडचं सगळं येत होतं. आप्पा विचारत, पाणी कुठवर आलं. त्यांची मुलगी सुमन, म्हणजे बाळूची आत्या, सांगत होती, चौथ्या सरीला आलंय. ते म्हणाले, खोटं बोलू नको, दारं कोण धरतंय? पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला फावडं घेऊन उभं राहतात त्याला तिकडे दारं धरणं म्हणतात. सुमनबाई म्हणाल्या, बाळू धरतोय. बोलव त्याला, आप्पा म्हणाले.

बाळू अंगणात होता. त्याने काय केलं ते प्रज्ञाने नंतर सांगितलं. तो पळत केळीत गेला, पाटातल्या चिखलात पाय बुडवले आणि तसाच घरात येऊन अंथरुणापाशी उभा राहिला. आप्पांनी हात लांब करून त्याच्या घोट्याला लावला. चिखल बोटाला लागला तेव्हा म्हणाले, "जा. हितं काय उभा ऱ्हायलाय? पाणी फुटंल तिकडं."

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. हेही प्रज्ञाने सांगितलेलं.

मी किती वेळ वाजवलं ते बघितलं नाही. पाहुण्यांच्या होड्या परत आल्या. रोहितांचे फोटो काढणारे एक गृहस्थ टेबलापाशी येऊन म्हणाले की कालच्यापेक्षा आज जास्त चांगलं वाटतंय, थोडा वरचा सूर हवा होता. मी मान हलवली.

मग फोनमधून प्रज्ञाचा आवाज आला, हळू. "शेवटच्या सरीला लागलं म्हणतायत. आता बंद करायला सांगतायत."

बंद करायचं कसं, हे मी तोवर ठरवलं नव्हतं. माझा हात सवयीने आवाजाच्या पट्टीवर गेला होता. तुकडा संपवायचा तर आवाज हळूहळू लांब न्यायचा, हे मी वर्षानुवर्षं करत आले आहे. पण लांब जाणारं इंजिन म्हणजे कुणीतरी चोरून नेलेलं इंजिन. ते जागच्या जागी थांबायला हवं होतं. मी आवाजाला हात लावला नाही. वेगाची पट्टी धरली आणि खाली ओढायला लागले. ठोके जड झाले, दोन ठोक्यांतलं अंतर वाढलं, घरघर खाली खाली उतरली. एक ठोका आला. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, आणि बंद.

टॉवेल धरून उभा असलेला संदेश हलला नाही. पलीकडे कुत्रं भुंकलं. फोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं.

"झोपले," प्रज्ञा म्हणाली.

पलीकडे

दुपारी सुमनबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. बाळू होडी घेऊन आला. लोखंडी पत्र्याची होडी, तळाशी मासळीचा वास. मला पोहता येत नाही हे मी मधे पोचल्यावर सांगितलं. बाळू म्हणाला, "मलाबी लई येत न्हाय," आणि वल्हवत राहिला.

घर विटांचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीतच खाटेवर आप्पा झोपले होते. ते मोठे, दणकट असतील अशी माझी कल्पना होती. ते लहानखुरे होते. चादरीबाहेर पाय आले होते आणि उजव्या हाताच्या बोटांवर वाळलेला चिखल अजून होता. कुणी पुसला नव्हता. प्रज्ञाने नाडी बघितली, ओठ ओल्या फडक्याने पुसले, आणि सुमनबाईंना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना माहीत होतं.

जेवायला चिलापीचा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि घरची केळी. पाहुण्याने नको म्हटलं की आमच्याकडे थांबतात. इथे नको हे ऐकूच येत नाही. आम्ही खाताना आप्पा जागे झाले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"ही कुनाची?"

"इंजनवाल्या बाई हायत, आप्पा," बाळू म्हणाला.

"कुठलं इंजन?"

 आप्पांनी मान पाण्याच्या बाजूला वळवली आणि म्हणाले, "पानी कवाच झालंय. वाढ तिला. हात वाळलाय तिचा."

सुमनबाईंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. आप्पांना पुन्हा झोप लागल्यावर मी सुमनबाईंना विचारलं की ते इंजिन आता कुठे आहे, विकलं का.

"आमचं कुटलं इंजन?" त्या म्हणाल्या. "ते मळेवाल्याचं. केळीबी त्याचीच. आमचं रान धरणात गेलं तवा आप्पा त्याच्यात दारं धरायला जायचं. रात रात. आमी ल्हान होतो. ही केळी बाळूनं आत्ता चार वर्सांत केली. ती आप्पांनी अजून नीट बघितलीबी न्हाय."

मी हात धुवायला उठले. घराच्या बाजूलाच ती बाग होती. पाट ओला होता, आणि त्यात सकाळचे दोन पायांचे ठसे उमटलेले होते, आत जाणारे आणि घाईने परत येणारे.

संध्याकाळी जेऊरहून मी पुण्याची गाडी धरली. संदेश आणि प्रज्ञा टेम्पो घेऊन सोलापूरला गेले. निघताना मालकांनी संदेशला दोन्ही हात धरून निरोप दिला, पण पुढच्या शनिवारचं बोलले नाहीत. त्यांनी नंतरही फोन केलेला नाही. संदेशने मात्र माझ्याकडून 'तळ' मागून घेतला आहे. गोदामात एकटा असताना तो चारांवर तीनचा सराव करतो आणि जमलं की मला ऐकवतो. अजून थोडं पुढेमागे होतं.

आप्पा त्यानंतर पाच-सहा दिवसांनी गेले, दुपारी, झोपेत. बाळूचा फोन आला तेव्हा मी कामावर होते, एका साबणाच्या जाहिरातीत पाण्याचा आवाज बसवत होते. मी बाहेर जिन्यात येऊन बोलले.  त्रास झाला का, एवढं मी विचारलं.

"न्हाय," बाळू म्हणाला. "त्या दिवसापासनं पान्याचं नाव काढलं न्हाय त्यांनी."